वाचकांचे प्रश्न : एक जुनी 'ययाति' आणि तिचे अनेक वाचक

या वेळी सदराकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच पुस्तकाभोवती फिरणारी आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतील काही वाचक वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' या कादंबरीची जुन्या बाजारातून आणलेली एकच प्रत आळीपाळीने वाचत आहेत. महाभारतातील ययाति राजा, त्याची पत्नी देवयानी आणि तिची दासी शर्मिष्ठा यांची ही कथा आहे. पुस्तकाबरोबर एक वहीही फिरते आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाने तिच्यात आपला अभिप्राय लिहावा, असा त्यांचा नियम आहे. त्या वहीतून उठलेले वाद आता आमच्यापर्यंत पोहोचले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गटातील एकाने रद्दीच्या दुकानातून ही प्रत 40 रुपयांना आणली. तिच्या आधीच्या मालकाने निळ्या शाईने जागोजागी रेघा मारल्या असून देवयानीच्या निवेदनाशेजारी 'खोटे', 'केवढा हा अहंकार', 'हिचेच चुकले' असे शेरे लिहून ठेवले आहेत. नंतर वाचणाऱ्यांचे मत त्यामुळे आधीच बनून जाते. हे शेरे पांढऱ्या शाईने झाकावेत काय?
— एक निवृत्त कारकून, शहापूर, बेळगाव

उत्तर : झाकू नयेत. जुन्या कागदावर पांढरी शाई टिकत नाही. ती वाळून तिचे पोपडे निघतात, समोरच्या पानाला चिकटतात आणि शेऱ्याबरोबर छापील मजकूरही घेऊन जातात. याखेरीज दुसरेही एक कारण आहे. तो अनामिक मालक आपल्या गटाचा पहिला सभासदच आहे, असे समजण्यास काय हरकत आहे? त्याने आपला अभिप्राय वहीऐवजी समासात लिहिला, एवढाच फरक.

मात्र त्याचे शेरे वाचताना एक गोष्ट तपासून पाहावी. देवयानीच्या निवेदनाशेजारी 'खोटे' असे लिहिणाऱ्या या गृहस्थाने (गृहस्थ हा आमचा तर्क, बाईही असू शकतील) ययातीच्या निवेदनाशेजारी तसा शब्द एकदा तरी लिहिला आहे काय? ययाति स्वतःविषयी जे सांगतो ते तर कादंबरीत सर्वांत अधिक शंका घेण्याजोगे आहे. तेथले समास कोरे असतील, तर त्या कोऱ्या समासांतूनच आपणास त्या वाचकाची ओळख पटेल, आणि मग त्याच्या निळ्या शाईचा फारसा प्रभाव पडणार नाही.

यापुढे गटातील कोणीही पुस्तकात शाईने काही लिहू नये. फारच वाटले तर समासात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका द्यावा आणि म्हणणे वहीत मांडावे. पहिल्या पानावर कोणाचे नाव, भेटीची तारीख किंवा शिक्का असेल तर तो तसाच राहू द्यावा. पण तेथे घरचा पत्ता असेल, तर त्या पानाचे छायाचित्र मोबाईलवरून सर्वांना पाठवण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : आमच्या वहीत सरळ दोन तट पडले आहेत. ज्येष्ठ भगिनींनी शर्मिष्ठेच्या सोशिकपणाची आणि त्यागाची स्तुती केली आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींचे म्हणणे असे की, फसवणूक देवयानीची झाली आणि तिलाच खलनायिका ठरवले गेले. एका गृहस्थांनी तर 'दोन बायकांच्या भांडणात बिचाऱ्या राजाचे काय चुकले?' असे लिहून वही पुढे पाठवली. लेखकाच्या मनातला अर्थ कोणता मानावा?
— एक गृहिणी, निपाणी

उत्तर : त्या गृहस्थांना प्रथम उत्तर देऊन टाकू, कारण ते सोपे आहे. 1959 साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचे नावच 'ययाति' आहे, आणि भोगाच्या मागे धावून कधीही तृप्त न होणारा माणूस हाच तिचा विषय आहे. राजाचे काय चुकले हे दाखवण्यासाठीच ती लिहिली गेली, असे म्हटले तरी चालेल.

दोन तटांचा प्रश्न मात्र खरोखर विचार करण्याजोगा आहे, आणि त्याची मुळे कादंबरीच्या रचनेत आहेत. खांडेकरांनी ही कथा स्वतः न सांगता ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली आहे. प्रत्येकजण 'मी' म्हणून बोलतो, आणि 'मी' म्हणून बोलणारा माणूस आपली बाजू राखूनच बोलतो, मग तो राजा असो की दासी. म्हणून वहीत 'देवयानी अशी आहे' असे लिहिण्याआधी, ती तशी आहे हे आपणास कोणी सांगितले, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारला पाहिजे. ती स्वतःच्या निवेदनात जशी दिसते, तशीच ययातीच्या निवेदनात दिसते काय? शर्मिष्ठेचा सोशिकपणा तिच्याच तोंडून ऐकताना आपण जितका मानतो, तितकाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकतानाही मानतो काय? आपल्या दोन्ही तटांतील वाचकांनी पृष्ठाबरोबर निवेदकाचे नाव लिहिण्याची सवय लावून घेतली, तर निम्मा वाद आपोआप मिटेल आणि उरलेला निम्मा अधिक रंगेल.

महाविद्यालयीन मुलींच्या बाजूने महाभारताचाही थोडा आधार देता येतो. आदिपर्वातील कथेत मेलेल्याला जिवंत करणारी संजीवनी विद्या शिकण्यासाठी आलेल्या कचाला देवयानी आपले पिता शुक्राचार्य यांच्याकडून पुन्हा पुन्हा जिवंत करवून घेते, आणि अखेर तोच कच तिचे प्रेम नाकारतो. पुढे जलक्रीडेच्या वेळी वस्त्रांची अदलाबदल होऊन भांडण पेटते, तेव्हा राजकन्या असलेली शर्मिष्ठा तिला याचकाची मुलगी म्हणून हिणवते आणि विहिरीत ढकलून देते. शर्मिष्ठेला दासी करण्याचा देवयानीचा हट्ट त्यानंतरचा आहे. त्याहीनंतर, तीच दासी आपल्या पतीच्या मुलांची आई झाली आहे, हे देवयानीला कळते. एवढे सगळे सोसलेल्या स्त्रीने गोड बोलावे, ही अपेक्षा जरा अधिकच नव्हे काय?

तथापि खांडेकरांची सहानुभूती बहुतांशी शर्मिष्ठेकडे झुकलेली आहे, हे ज्येष्ठ भगिनींचे म्हणणेही नाकारता येणार नाही. निरपेक्ष प्रेम आणि संयम ही मूल्ये त्यांना मोठी वाटत होती. शर्मिष्ठा आणि कच ही त्या मूल्यांची माणसे आहेत. तेव्हा लेखकाचा कल कोठे आहे, असा प्रश्न असेल तर ज्येष्ठ भगिनी जिंकल्या. पण लेखकाने देवयानीलाही स्वतःचे निवेदन दिले, आणि एकदा पात्राला स्वतःचा आवाज मिळाला की ते लेखकाच्या मताबाहेर जाऊन वाचकाशी बोलू शकते. त्या मुलींनी तेच ऐकले आहे. त्यांचे वाचन चुकीचे ठरवण्याचा अधिकार लेखकाच्या हेतूलाही पोहोचत नाही, असे आमचे मत आहे.

प्रश्न : माझे शिक्षण कन्नड माध्यमात झाले. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण एवढी मोठी मराठी कादंबरी मी प्रथमच वाचत आहे आणि तिची संस्कृतप्रचुर भाषा मला जड जाते. महाविद्यालयात असताना गिरीश कार्नाडांचे 'ययाति' हे नाटक मी कन्नडमध्ये वाचले होते. त्याच्याशी तुलना करून मी वहीत दोन पाने लिहिली, तेव्हा गटातील काहींनी 'मराठी कादंबरीच्या वहीत कन्नड नाटक कशाला?' असा आक्षेप घेतला. मी लिहिलेले काढून टाकावे काय?
— एक प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : एकही ओळ काढू नये. आपल्या गटाच्या वहीतील सर्वांत मोलाची पाने बहुधा हीच असतील.

सीमाभागात भाषेचा प्रश्न किती हळवा आहे हे आम्हांला ठाऊक नाही असे नाही. याच बेळगावात 1946 साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतरच्या पिढ्यांनी त्या प्रश्नाचे ओझे वाहिले आहे. आक्षेप घेणाऱ्यांच्या मनात ते असणार, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. पण मराठी शाळेची, मराठी पाटीची मागणी करणे वेगळे आणि शेजारच्या भाषेतले चांगले नाटक वाचलेच नाही असे दाखवणे वेगळे. पुण्यामुंबईच्या वाचकाला हे नाटक भाषांतराच्या वाटेने गाठावे लागते. आपण ते मूळ कन्नडमध्ये वाचले आहे. हा लाभ वहीबाहेर का ठेवावा?

शिवाय ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. खांडेकरांची कादंबरी 1959 ची, कार्नाडांचे नाटक 1961 साली प्रसिद्ध झालेले. एकीकडे साठी ओलांडलेला, कोल्हापुरात स्थायिक झालेला, मान्यता पावलेला कादंबरीकार. दुसरीकडे धारवाडच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला, विशी नुकतीच ओलांडलेला तरुण. कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मधोमध आपला हा मुलूख येतो. जवळजवळ एकाच वेळी दोघांनी महाभारतातील एकच कथा उचलली आणि दोघांनी तिच्यातून अगदी निरनिराळे प्रश्न काढले. पुढे खांडेकरांना 1974 चे आणि कार्नाडांना 1998 चे ज्ञानपीठ मिळाले.

प्रश्न कसे निराळे आहेत, हे आपण लिहिलेच असेल. तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मूळ कथेत शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली वार्धक्य येते. तो आपल्या मुलांकडे तारुण्य मागतो, इतर मुलगे नकार देतात आणि धाकटा पुरू आपले तारुण्य देतो. महाभारतातला ययाति ते हजार वर्षे उपभोगतो आणि अखेर, उपभोगाने वासना शमत नाही, तुपाने अग्नी भडकावा तशी ती वाढतच जाते, असे सांगून परत करतो. खांडेकरांचे सगळे लक्ष या ययातीवर आहे : हा माणूस असा का झाला, त्याला कोणी सावरू शकले असते काय. कार्नाडांचे लक्ष तारुण्य देणाऱ्यावर आणि त्याहून अधिक त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीवर जाते. त्यांनी पुरूला चित्रलेखा नावाची नवविवाहित पत्नी दिली, जी महाभारतात नाही. नवऱ्याने वडिलांसाठी त्याग केला म्हणून सगळे त्याचे कौतुक करतात. पण तिच्या वाट्याला एका रात्रीत म्हातारा झालेला नवरा येतो, आणि तिला कोणी विचारलेलेही नसते. ज्याने पुरूचे तारुण्य घेतले त्याने त्याच्या पत्नीचाही स्वीकार करावा, असा सरळ युक्तिवाद ती सासऱ्यासमोर करते, आणि त्याला उत्तर न मिळाल्यावर विष घेते.

हे नाटक वाचून 'ययाति' कादंबरीकडे परतलेला वाचक पुरूच्या त्यागाकडे पूर्वीच्या भाबडेपणाने पाहू शकत नाही. त्यागाची किंमत नेमकी कोण मोजतो, हा प्रश्न त्याच्या मनात राहतो, आणि मग शर्मिष्ठेच्या त्यागालाही तो लागू करून पाहावासा वाटतो. निपाणीच्या भगिनींनी आपली दोन पाने अवश्य वाचावीत.

भाषा जड जाते म्हणून संकोच करू नये. मराठी माध्यमात शिकलेल्यांनाही या कादंबरीतील शब्दसंपत्ती सोपी जात नाही. फरक इतकाच की ते तसे कबूल करीत नाहीत. एका बैठकीत एकाच पात्राचे निवेदन वाचावे आणि शक्य असेल तर मोठ्याने वाचावे. खांडेकरांचे वाक्य कानाला लवकर कळते.

प्रश्न : मी कादंबरी अर्ध्यावर सोडली. प्रत्येक पानावर सुविचार, प्रत्येक भावनेला उपमा, फुले, चांदणे, समुद्र! गटात मात्र सर्वांनी 'अप्रतिम', 'अविस्मरणीय' असे लिहिले आहे. सोडून देणाऱ्याने वहीत लिहावे काय, आणि लिहिले तर काय लिहावे?
— एक अभियांत्रिकी विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : अवश्य लिहावे. 'अप्रतिम' हा शब्द पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही. तो कोणत्याही पुस्तकाला, आणि जेवणालाही, सारखाच लागू पडतो. त्यापेक्षा 'मी अमुक पानावर थांबलो आणि या कारणाने थांबलो' हा अभिप्राय अधिक उपयोगी आहे. मात्र पान सांगा आणि तेथले एक वाक्यही उतरवून ठेवा. आपणास जड झालेले ते वाक्य दुसऱ्या कोणाला आवडलेले असू शकते, आणि मग दोघांना बोलण्यासाठी एक निश्चित जागा मिळते.

आपल्या तक्रारीत तथ्य आहे. खांडेकरांची वाक्ये वहीत उतरवून घेणाऱ्या वाचकांची एक मोठी पिढी होऊन गेली, आणि त्याच वाक्यांनी आजचा तरुण वाचक थकतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आम्हांला स्वतःला ययातीच्या तोंडी ही अलंकृत भाषा खटकत नाही. आपल्या वासनेला सुंदर शब्दांची वस्त्रे नेसवून तिच्याकडे पाहत बसणे हा त्याचा स्वभावच आहे. तो साधे बोलला असता तर स्वतःला इतका काळ फसवू शकला नसता. पण तीच उपमांची रेलचेल देवयानीच्या आणि शर्मिष्ठेच्याही निवेदनात येते. तिघांची मने वेगळी असूनही तिघे एकाच शैलीत बोलतात, आणि तीन निवेदकांच्या रचनेचा पुरा लाभ त्यामुळे मिळत नाही, हा या कादंबरीतील दोष आहे असे आम्ही मानतो. आपण कोणाच्या निवेदनात थांबलात, हे कळले तर बरे होईल. ययातीच्या निवेदनात थांबला असाल, तर ती पाने ओलांडून देवयानी बोलू लागते तेथून पुन्हा सुरुवात करून पाहावी.

प्रश्न : आमच्याकडे पुस्तक आले तेव्हा शेवटची काही पाने गळालेली होती. माझ्या मेहुण्यांकडे याच कादंबरीची अलीकडची आवृत्ती आहे, पण तिचे पृष्ठांक जुळत नाहीत. गटातील एकाने संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ मिळवून सर्वांना पाठवण्याची तयारी दाखवली आहे. तसे करण्यास हरकत आहे काय?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : हरकत आहे. खांडेकरांचे निधन 2 सप्टेंबर 1976 रोजी झाले. आपल्या देशाच्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे, म्हणजे 2036 अखेरपर्यंत, त्यांच्या लेखनावर स्वामित्वहक्क राहतो. विकत घेतलेली जुनी प्रत पुन्हा विकणे, भेट देणे किंवा वाचायला देणे यात काहीही गैर नाही. तिच्या नव्या प्रती काढून वाटणे मात्र गैर आहे.

गळालेली पाने मेहुण्यांच्या प्रतीतून वाचून घ्यावीत. बेळगावात येणे होत असेल तर 1848 पासून चालू असलेल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी. ही पाने न वाचताच अभिप्राय लिहू नये. या कादंबरीमागची आपली भूमिका खांडेकरांनी स्वतः विस्ताराने मांडली आहे. गळालेल्या पानांत तोच भाग गेला आहे काय, हेही मेहुण्यांची प्रत शेजारी ठेवून पाहावे. तो भाग कादंबरी वाचून झाल्यावर वाचावा, आधी नको. लेखकाचे म्हणणे आधी ऐकले की वाचक पुस्तकात तेवढेच शोधू लागतो. पृष्ठांकांचा घोळ टाळण्यासाठी वहीत पानाच्या आकड्याबरोबर निवेदकाचे नाव आणि परिच्छेदातील पहिले तीन-चार शब्द लिहावेत.

प्रश्न : पावसाळ्यात पुस्तक माझ्याकडे आले. त्याला कुबट वास येतो, बांधणीपाशी पांढरी बुरशी दिसते आणि मधली दोन पाने फाटली आहेत. उन्हात वाळवून चिकटपट्टी लावावी काय?
— एक वाचक, नंदगड

उत्तर : कडक ऊन नको आणि चिकटपट्टीही नको. उन्हाने जुना कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो, तो मग निघत नाही. पुस्तक उभे ठेवून पाने पंख्यासारखी उघडावीत आणि वारा खेळत्या खोलीत दोन-तीन दिवस ठेवावे. पूर्ण कोरडे झाल्यावर घराबाहेर नेऊन, नाकातोंडाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या कुंचल्याने बुरशी झाडावी. ओल्या फडक्याने पुसल्यास ती कागदात अधिकच पसरते. फाटलेल्या जागी पातळ कागदाची अरुंद पट्टी मैद्याच्या पातळ खळीने लावावी आणि वाळेपर्यंत दोन्ही बाजूंना मेणकागद घालून वर वजन ठेवावे. खळीत कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्याने घरी न वापरलेलेच बरे.

पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुढच्या वाचकाकडे पाठवू नये, कारण आत अडकलेल्या दमटपणाने बुरशी पुन्हा धरते. जुन्या सुती कापडात गुंडाळून द्यावे, आणि पावसाचा जोर असेल तर तो ओसरेपर्यंत ते आपल्याकडेच ठेवून वही तेवढी पुढे पाठवावी.